कोळसा विझला, धग मात्र कायम

विशेष प्रतिनिधी

३० सप्टेंबर २०२४ या एकाच दिवशी ब्रिटनमध्ये दोन भट्ट्या विझल्या. नॉटिंगहॅमशायरमधील रॅटक्लिफ-ऑन-सोर हे कोळशावर चालणारे देशातील अखेरचे वीजकेंद्र बंद झाले आणि त्याच दिवशी दक्षिण वेल्समधील पोर्ट टाल्बट येथे टाटा स्टीलच्या कारखान्यातील शेवटची झोतभट्टी थंड करण्यात आली. पहिल्या घटनेचे जगभर स्वागत झाले. लंडनमधील हॉलबर्न व्हायाडक्ट येथे १८८२ मध्ये कोळशापासून सार्वजनिक वीजनिर्मिती सुरू झाली होती. त्यानंतर १४२ वर्षांनी जी-७ गटातील एक देश प्रथमच कोळशाच्या विजेतून मुक्त झाला. दुसऱ्या घटनेचे स्वागत करण्यास पोर्ट टाल्बटमध्ये मात्र कोणी नव्हते. दोन हजारांहून अधिक नोकऱ्या त्या भट्ट्यांसोबत गेल्या आणि हा निर्णय लंडनमधील नव्हे, तर मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीचा होता.

आपल्याकडे ब्रिटनच्या कोळशाची कथा बहुधा मार्गारेट थॅचर आणि १९८४ चा संप एवढ्यापुरतीच सांगितली जाते. थॅचर यांचे चाहते ती विजयगाथा म्हणून सांगतात, डावे शोकांतिका म्हणून. प्रत्यक्षात ही कथा पावणेदोनशे वर्षांची आहे. कोळशाने ब्रिटनला गिरण्या, आगगाड्या आणि आगबोटी दिल्या हे शाळेच्या पुस्तकातही असते. पण त्याच कोळशाने त्या देशाला कामगार मतदार, मजूर पक्ष आणि मोफत दवाखाने दिले. त्यामुळे खाणी बंद करताना केवळ एक तोट्यातील उद्योग बंद होत नव्हता. हा हिशेब बंद करणाऱ्यांनी कधी मांडला नाही आणि त्याची थकबाकी ब्रिटिश राजकारण आजही फेडत आहे.

जमिनीखालचे राज्य

१९१३ मध्ये ब्रिटनच्या खाणींतून सुमारे २८ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला. हा उच्चांक पुन्हा कधी गाठला गेला नाही. त्या वेळी खाणींत ११ लाखांहून अधिक लोक काम करीत आणि उत्पादनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा निर्यात होत असे. कार्डिफ आणि न्यूकॅसल या बंदरांची भरभराट याच निर्यातीवर झाली. मुंबई बंदरातही वेल्सचा कोळसा उतरत असे. त्या काळी आगबोटींच्या दुनियेत कोळशाला आजच्या खनिज तेलाचे स्थान होते.

ही समृद्धी कोणाच्या श्रमावर उभी होती? १८३८ मध्ये यॉर्कशायरमधील सिल्कस्टोनच्या हस्कर खाणीत पावसाचे पाणी शिरून २६ मुले बुडाली. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालात अंधाऱ्या बोगद्यांत कमरेला साखळी बांधून कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या मुलांची चित्रे छापली गेली आणि व्हिक्टोरियाकालीन सुखवस्तू समाज हादरला. १८४२ च्या कायद्याने स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलग्यांना भूगर्भात काम करण्यास बंदी झाली. दहा वर्षांवरील मुलगे खाणीत उतरतच राहिले.

खाणकामगार इतर कामगारांआधी संघटित झाले त्यामागे भूगोलाचा वाटा मोठा होता. खाण जेथे असते तेथेच वस्ती होते. सगळी वस्ती एकाच खाणीवर पोसलेली, घरे अनेकदा मालकाचीच, आणि वर धोका सर्वांना सारखा. जमिनीखाली शेजाऱ्यावर विसंबल्याशिवाय जिवंत परत येता येत नाही. तीच सवय मग संघटनेत उतरली. १८८४ च्या कायद्याने ग्रामीण मतदारसंघांतील कुटुंबप्रमुखांना मताधिकार मिळाला, तेव्हा या दाट वस्त्या एकगठ्ठा मतांच्या झाल्या. त्याआधीच, १८७४ मध्ये, टॉमस बर्ट आणि अलेक्झांडर मॅक्डोनल्ड हे दोन खाणकामगार नेते उदारमतवादी पक्षाच्या साह्याने संसदेत पोहोचले होते. वयाच्या दहाव्या वर्षी खाणीत उतरलेले कीर हार्डी १८९२ मध्ये स्वतंत्र कामगार प्रतिनिधी म्हणून निवडून आले आणि पुढे मजूर पक्षाचे संस्थापक ठरले. १९०९ मध्ये खाणकामगारांचा महासंघ मजूर पक्षात सामील झाला. या नवख्या पक्षाला खरा पाया मिळाला तो तेव्हा. १९१९ मध्ये मजूर पक्षाने पहिली काउंटी कौन्सिल जिंकली, तीही खाणींच्या डरहॅममध्ये.

या राजकीय उदयाच्या ऐन काळातच, १४ ऑक्टोबर १९१३ रोजी, वेल्समधील सेंगहेनिड येथे स्फोट होऊन ४३९ खाणकामगार आणि बचावासाठी उतरलेला एक जण मरण पावला. ब्रिटिश खाणींच्या इतिहासातील हा सर्वात भीषण अपघात. सुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल न्यायालयाने खाणीच्या व्यवस्थापकाला दंड केला २४ पौंड. विक्रमी उत्पादनाचे वर्षही हेच होते, हे वाचकांच्या लक्षात आले असेल.

सार्वत्रिक संप आणि मुंबईचा खासदार

पहिल्या महायुद्धात सरकारने खाणी आपल्या नियंत्रणाखाली घेतल्या. युद्धानंतर सॅंकी आयोगाने राष्ट्रीयीकरणाच्या बाजूने कौल दिला, पण लॉइड जॉर्ज सरकारने तो नाकारला आणि १९२१ मध्ये खाणी पुन्हा मालकांच्या हवाली केल्या. पाठोपाठ जर्मनीचा कोळसा बाजारात परतला आणि भाव कोसळले. त्यात १९२५ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी पौंडाला युद्धपूर्व दराने, म्हणजे ४.८६ डॉलरला, पुन्हा सुवर्ण परिमाणाशी जोडले. पौंड महागला की निर्यात महागते. निर्यात टिकवायची तर मजुरी कापणे हा मालकांच्या लेखी एकच मार्ग उरला. चर्चिल यांच्या या निर्णयावर केन्स यांनी तेव्हाच कठोर टीका केली होती. चलनाची प्रतिष्ठा राखण्याची किंमत कोणी मोजायची, हा त्या वादाचा गाभा होता.

मालकांनी कमी पगार आणि जास्त तास अशी दुहेरी मागणी केली. ‘पगारातून एक पेनी कमी नाही, दिवसात एक मिनिट जास्त नाही,’ ही खाणकामगारांची घोषणा होती. ३ मेच्या मध्यरात्रीपासून १२ मे १९२६ पर्यंत रेल्वे, गोदी, वाहतूक, छपाई अशा उद्योगांतील १५ लाखांहून अधिक कामगार खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी संपावर गेले. नऊ दिवसांनी कामगार संघटनांच्या मध्यवर्ती परिषदेने विनाअट माघार घेतली. खाणकामगार मात्र एकाकी लढत राहिले आणि हिवाळ्याच्या तोंडावर, उपासमारीने हरून, कमी पगारावर परतले.

या संपात अटक झालेला पहिल्या फळीतला एक नेता मुंबईचा होता, याची आठवण आपल्याकडे फारशी ठेवली गेलेली नाही. शापूरजी सकलातवाला हे जमशेटजी टाटा यांचे भाचे. मुंबईत प्लेगच्या साथीत त्यांनी मदतकार्य केले, पुढे टाटांच्या पोलाद प्रकल्पासाठी मध्य आणि पूर्व भारतातील जंगलांत लोहखनिज आणि कोळसा शोधत फिरले, आणि १९०५ मध्ये इंग्लंडला गेले. तेथे ते समाजवादाकडे व नंतर साम्यवादाकडे वळले आणि लंडनमधील उत्तर बॅटर्सी मतदारसंघातून खासदार झाले. १ मे १९२६ रोजी हाइड पार्कमधील सभेत, संपकऱ्यांवर गोळ्या झाडू नका असे आवाहन त्यांनी सैनिकांना केले. त्याबद्दल त्यांना दोन महिन्यांची कैद झाली. एकाच घराण्यात पोलादाचे कारखानदार आणि खाणकामगारांसाठी तुरुंगात जाणारा साम्यवादी, हा योग विलक्षणच.

ट्रेडेगरचा दवाखाना

१९२६ च्या पराभवाचा सूड कामगारांनी १९४५ च्या मतपेटीतून घेतला, असे म्हणता येईल. क्लेमंट ॲटली यांच्या मजूर सरकारने १ जानेवारी १९४७ रोजी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण केले. ही खाण आता जनतेच्या वतीने राष्ट्रीय कोळसा मंडळ चालवीत आहे, अशा आशयाचे फलक खाणींच्या तोंडाशी लागले. सुमारे सात लाख कामगार सरकारी मंडळाचे नोकर झाले.

त्याहूनही दूरगामी गोष्ट वेल्समधील ट्रेडेगर या छोट्या खाणगावातून आली. तेथील कामगार आपल्या पगारातून पौंडामागे काही पेन्स एका वैद्यकीय साह्य संस्थेत जमा करीत. त्या बदल्यात त्यांच्या कुटुंबांना डॉक्टर, औषधे आणि रुग्णालयाची सोय मिळे. गावातील बहुतेक लोक या संस्थेच्या छत्राखाली होते. तेराव्या वर्षी खाणीत उतरलेले आणि या संस्थेच्या कामात वाढलेले अन्यूरिन बेव्हन आरोग्यमंत्री झाले, तेव्हा त्यांच्यापुढे हाच नमुना होता. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. ब्रिटिश माणसाला आपल्या देशाच्या ज्या गोष्टीचा सर्वाधिक अभिमान वाटतो, तिचे मूळ खाणकामगारांच्या वर्गणीत आहे.

मात्र राष्ट्रीयीकरण म्हणजे रामराज्य नव्हे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी वेल्समधील ॲबरफॅन गावावर खाणीतून निघालेल्या दगडमातीचा प्रचंड ढिगारा घसरून शाळेवर कोसळला. १४४ जण गाडले गेले, त्यांत ११६ मुले होती. न्यायिक चौकशीने कोळसा मंडळाला दोषी ठरवले. तरीही उरलेले धोकादायक ढिगारे हटवण्याच्या खर्चासाठी, पीडितांकरिता लोकांनी दिलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड काढून घेण्यात आले, आणि तेव्हा सत्तेवर मजूर सरकारच होते. ती रक्कम १९९७ मध्ये, व्याजाविना, परत करण्यात आली. मालक खासगी असो वा सरकारी, खाणगावाला मिळणाऱ्या वागणुकीत फार फरक पडत नाही, असे वेल्समधील लोक म्हणत असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

संथ माघार आणि अचानक कडेलोट

कोळशाचा अस्त थॅचर यांच्यापासून सुरू झाला नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर दाटलेल्या विषारी धुरक्यात हजारो माणसे दगावली. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि घरोघरच्या शेगड्या बदलू लागल्या. रेल्वेने डिझेलची वाट धरली, स्वस्त तेल आले, पुढे उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू आला. मजूर पक्षाच्या हॅरॉल्ड विल्सन यांच्या कारकिर्दीत बंद झालेल्या खाणींची संख्या थॅचर यांच्या काळातील खाणींपेक्षा जास्त आहे. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. पण साठच्या दशकात एक खाण बंद झाली तर कामगाराला दुसऱ्या खाणीत किंवा जवळच्या कारखान्यात काम मिळण्याची शक्यता होती. वीस वर्षांनंतर बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली होती आणि शेजारचा पोलाद कारखानाही बंद पडत होता. मोजणीत दोन्ही बंद खाणी सारख्याच, जगण्यात नव्हेत.

मधल्या काळात खाणकामगारांनी आपली ताकद दाखवली होती. १९७२ च्या संपाने पगारवाढ मिळवली. १९७४ च्या आरंभी वीजटंचाईमुळे उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळू लागली. देश कोण चालवतो, असा प्रश्न विचारत पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी निवडणूक घेतली आणि सत्ता गमावली. हुजूर पक्षाने हा अपमान गिळला, विसरला नाही. १९७९ मध्ये पंतप्रधान झालेल्या थॅचर यांनी १९८१ मध्ये खाणी बंद करण्याच्या प्रश्नावर आधी माघार घेतली. पुढची तीन वर्षे वीजकेंद्रांच्या आवारात कोळशाचे डोंगर साठवले गेले.

६ मार्च १९८४ रोजी कोळसा मंडळाने सुमारे वीस खाणी बंद करण्याची आणि वीस हजार नोकऱ्या कमी करण्याची योजना जाहीर केली. आठवडाभरात देशव्यापी संप सुरू झाला. खाणकामगार संघटनेचे अध्यक्ष आर्थर स्कारगिल यांचा दावा होता, की सरकारची खरी यादी सत्तरहून अधिक खाणींची आहे. सरकारने त्याचा ठाम इन्कार केला. २०१४ मध्ये खुल्या झालेल्या मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांतून ७५ खाणी बंद करण्याची योजना खरोखरच होती, हे उघड झाले. म्हणजे मुद्द्यावर स्कारगिल बरोबर होते. डावपेचात ते चुकले. संपासाठी देशव्यापी गुप्त मतदान त्यांनी घेतलेच नाही. त्यामुळे नॉटिंगहॅमशायरचे बहुसंख्य कामगार कामावर जात राहिले आणि संपाच्या वैधतेवर कायमचे प्रश्नचिन्ह लागले. शिवाय संप सुरू झाला तो वसंतात, कोळशाची मागणी उतरू लागण्याच्या दिवसांत.

१८ जून १९८४ रोजी यॉर्कशायरमधील ऑरग्रीव्ह येथील कोक कारखान्यासमोर हजारो निदर्शक आणि पोलीस समोरासमोर आले. घोडदळाने केलेल्या हल्ल्याची दृश्ये घराघरांत दूरचित्रवाणीवर पोहोचली. ९५ जणांवर दंगल आदी गंभीर आरोप ठेवण्यात आले, पण पोलिसांचे पुरावे न्यायालयात टिकले नाहीत आणि खटले कोसळले. १९९१ मध्ये साउथ यॉर्कशायर पोलिसांनी ३९ जणांना सव्वाचार लाख पौंडांची भरपाई दिली.

या वर्षभरात खाणगावांचा चेहराही बदलला. आजवर स्वयंपाकघरात असलेल्या बायका सामुदायिक भोजनगृहे चालवू लागल्या, व्यासपीठांवरून भाषणे करू लागल्या. लंडनमधील समलिंगी व्यक्तींच्या एका गटाने वेल्समधील संपकऱ्यांसाठी पैसे गोळा केले. १९८५ मध्ये मजूर पक्षाच्या परिषदेत समलिंगींच्या हक्कांचा ठराव संमत झाला, तेव्हा खाणकामगार संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली. ३ मार्च १९८५ रोजी, कोणत्याही समझोत्याविना, संप मागे घेण्यात आला.

मुंबईकर वाचकाला इथे गिरणी संप आठवल्याशिवाय राहणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. तो तर औपचारिकरीत्या मागे घेतलाच गेला नाही. दोन्हीकडे तडजोडीला नकार देणारा नेता आणि थांबण्याची घाई नसलेला प्रतिपक्ष होता. फरक इतकाच, की गिरणगावात कामगार गेला आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. यॉर्कशायर आणि डरहॅमच्या खाणगावांत कामगार तिथेच राहिला आणि त्याच्या पायाखालच्या जमिनीला गिऱ्हाईकही मिळेना.

रिकाम्या खाणींचे मतदार

पुढचा क्रम वेगवान होता. ऑक्टोबर १९८६ मध्ये लंडनच्या शेअर बाजारावरील निर्बंध उठले आणि अर्थव्यवस्थेचा लंबक वित्तसेवांकडे, म्हणजेच लंडनकडे, झुकला. ऑक्टोबर १९९२ मध्ये उरलेल्या पन्नासपैकी ३१ खाणी बंद करण्याची घोषणा झाली. त्यांत संपाच्या काळात सरकारला साथ देणाऱ्या नॉटिंगहॅमशायरच्या खाणीही होत्या. १९९४ मध्ये उरलेसुरले खासगी झाले. वेल्समधील टॉवर खाणीच्या २३९ कामगारांनी बेकारभरपाईतून प्रत्येकी आठ हजार पौंड घालून ती खाण विकत घेतली आणि तोट्याची म्हणून बंद केलेली ती खाण १९९५ पासून २००८ पर्यंत, कोळसा संपेपर्यंत, चालवून दाखवली. शेवटची मोठी भूमिगत खाण, यॉर्कशायरची केलिंगली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. २०१२ मध्ये ब्रिटनची सुमारे ४० टक्के वीज कोळशापासून बनत होती. बारा वर्षांत ते प्रमाण शून्यावर आले.

खाणगावांतील हजारो पुरुष बेकारांच्या यादीऐवजी आजारपणाच्या भत्त्यावर ढकलले गेले, त्यामुळे सरकारी आकडेवारीत बेकारी प्रत्यक्षाहून कमी दिसत राहिली. जिथे काम आले, तिथे ते कसे आले याचे उदाहरण डर्बीशायरमधील शायरब्रुक. तेथील खाण १९९३ मध्ये बंद झाली आणि त्या जागेवर पुढे स्पोर्ट्स डायरेक्ट कंपनीचे अवाढव्य गोदाम उभे राहिले. २०१६ मध्ये संसदीय समितीने तेथील कामाच्या परिस्थितीवर कडक ताशेरे ओढले. खाणीतले काम जीवघेणे होते, फुफ्फुसे निकामी करणारे होते. त्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पण त्या कामाला संघटना होती, निवृत्तिवेतन होते आणि गावात मान होता.

२०१६ च्या सार्वमतात जुन्या खाणपट्ट्याने बहुतांशी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने मत दिले. २०१९ मध्ये बोल्सोव्हर मतदारसंघात डेनिस स्किनर पराभूत झाले. स्वतः खाणकामगार असलेले स्किनर १९७० पासून तेथून निवडून येत होते, आणि त्यांना हरवणारा पक्ष थॅचर यांचा होता. २०२४ मध्ये ही जागा मजूर पक्षाकडे परत आली खरी, पण मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाने डरहॅमची कौन्सिल जिंकली. हा निव्वळ स्थलांतरितांविरोधातील राग आहे, असे म्हणून हात झटकणे लंडनमधील स्तंभलेखकांना सोयीचे असले, तरी त्यात चाळीस वर्षांची उपेक्षा दिसत नाही.

पोर्ट टाल्बटमध्ये हे सारे ठाऊक असलेली माणसे वाटाघाटींना बसली होती. तिथे कोळशाच्या भट्ट्यांऐवजी विजेची भट्टी उभारली जात असून, सव्वाशे कोटी पौंडांच्या या प्रकल्पात ५० कोटी ब्रिटिश सरकारचे आहेत. नव्या भट्टीला जुन्या भट्ट्यांच्या तुलनेत फारच कमी माणसे लागतील.

काही जुनी देणी आता चुकती होऊ लागली आहेत. खाणकामगारांच्या निवृत्तिवेतन निधीतील अतिरिक्त रकमेचा निम्मा वाटा खासगीकरणापासून सरकार घेत आले होते. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात या निधीतील राखीव दीडशे कोटी पौंड निवृत्तांना परत करण्याचा निर्णय झाला. आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने ऑरग्रीव्हच्या घटनेची वैधानिक चौकशी जाहीर केली. शेफील्डचे बिशप तिचे प्रमुख आहेत. १९८४ मध्ये पोलिसांच्या घोड्यांसमोर उभे असलेले तरुण आता साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांच्यापैकी अनेक जण ही घोषणा ऐकायला हयात नव्हते.